मोजायला दोन टोकं

सकाळी कप विसळायला नळाला हात लावला आणि बोटांतून मनगटापर्यंत काहीतरी सरसरत गेलं. जोराचं नव्हतं. झोपलेल्या माणसाला कुणी खांद्याला धरून हलवावं, तेवढंच. मी हात मागे घेतला आणि नळाकडे पाहत राहिले. नळ नेहमीसारखाच होता. धार पडत होती, धारेखाली माझा कप होता, एकच. हल्ली घरात रोज एकच कप विसळावा लागतो. पुन्हा बोट लावायचा धीर होईना. शेवटी कोरडं फडकं चार पदरी गुंडाळून नळ बंद केला आणि माझं मलाच हसू आलं. एवढ्या वर्षांच्या ओळखीच्या वस्तूला असं फडक्यानं धरायचं म्हणजे आजारी मुलाला परक्या बाईनं उचलल्यासारखं वाटलं. दुपारी धीर करून बोट लावलं, काही नाही. संध्याकाळी लावलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मनगटापर्यंत.

मुलाला फोनवर सांगितलं. "मुंग्या आल्या असतील," तो म्हणाला. "हात अंगाखाली घेऊन झोपली असशील."

"मुंग्या मला कळतात रे. जन्मभर टाइप केलंय. हे बाहेरून आलं."

"बाहेरून म्हणजे कुठून?"

"नळातून."

लहान मुलाला समजवावं तसं तो म्हणाला, "आई, नळातून पाणी येतं."

डॉक्टरांनी माझ्या बोटांच्या टोकांना टाचणी लावून पाहिली, वय झालं की नसा असे खेळ करतात म्हणाले, आणि गोळ्या दिल्या. मुलानं एक वायरमनही पाठवला, माझ्या समाधानासाठी. तो भर दुपारी आला, जाड तळाच्या बुटांनी स्वयंपाकघरात शिरला, टेस्टर नळाला टेकवून म्हणाला, "हे बघा आजी, दिवा लागतोय? नाही ना? टेस्टर खोटं बोलत नाही." मग त्यानं घरभर नजर फिरवली, एकट्याच असता का म्हणून विचारलं, आणि जिना उतरता उतरता फोनवर कुणाला तरी सांगितलं ते मला दारातून ऐकू आलं. "वायरिंग ठणठणीत आहे साहेब. आजींचं मात्र जरा बघा."

त्या साहेबांचा, म्हणजे माझ्या मुलाचा, रात्री फोन आला. आवाज फार मऊ होता. त्याच्या आणि सुनेच्या घरातली मागची खोली रिकामी करून घेतली आहे, रंग दिला आहे, सुट्टी मिळाली की एका रविवारी न्यायलाच येतो. "तुला तिथे काही बघावं लागणार नाही," तो म्हणाला. मला सगळं पुढचं दिसलं. आज हात, उद्या गॅस चालू राहिला का, परवा किल्ली कुठे ठेवलीस. एकदा माणसाचा हात खोटा ठरला की डोकं खोटं ठरायला वेळ लागत नाही. नळ खोटा असेल तर मी माझ्या घरात राहीन. हात खोटा असेल तर मागच्या खोलीत. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मलाही ठाऊक नव्हतं, दोघांतलं खोटं कोण. रात्री उजवा हात डाव्या हातात घेऊन बसायचे आणि त्याच्याकडे संशयानं बघायचे.

घरातल्या सगळ्या तारा यांनी स्वतः ओढल्या होत्या. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा भिंती ओल्या होत्या आणि खोलीत एकच दिवा होता. हे ऑफिसातून आले की शर्ट काढून स्टुलावर चढत, आणि मी खाली टॉर्च धरून उभी. "हलवू नकोस," हे म्हणत. मी हलवत नसे. पण मी तारा कधी बघितल्याच नाहीत. उजेड जिथे पडायला हवा तिथे पाडायचा आणि आपण यांच्या मानेवरून ओघळणारा घामाचा थेंब बघत राहायचं, तो आता कॉलरपाशी थांबेल की पाठीवर जाईल, असं. एकदा विचारलं होतं, हा करंट येतो कसा आणि जातो कुठे? "येतो," हे म्हणाले. तोंडात पेचकस होता. "तुला काय करायचंय? तू लांब राहा." रागानं नाही, काळजीनंच. आणि मी लांब राहिले, अगदी सवयीनं, संसारभर. हे गेले त्यानंतर कितीतरी दिवस मी बल्ब बदलायलासुद्धा शेजारच्यांना हाक मारत होते.

गंमत अशी की त्या विषयातले सगळे शब्द माझ्या बोटांत होते. लग्नाआधीपासून निवृत्तीपर्यंत मी वीज कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. ट्रान्सफॉर्मर, इन्सुलेटर, रोध, दाब, गळती, अर्थिंग. दिवसातून शंभरदा यावेत असे शब्द. लांब मशीन-हॉलमध्ये आम्ही बायका ओळीनं बसायचो, बाहेर पाऊस पडतोय की आमची यंत्रं वाजताहेत ते कळत नसे. एकदा मी एका मसुद्यात दोन आकडे उलटसुलट झालेले बघून साहेबांना दाखवायला नेले तर ते म्हणाले, "तुम्ही वाचता कशाला? वाचलं की वेग कमी होतो." तेव्हापासून मी वाचलं नाही. शब्द डोळ्यांतून आत जात आणि बोटांतून बाहेर पडत, मध्ये कुठेही न थांबता. बोटांना सगळं ठाऊक आणि डोक्याला काही नाही, अशा अवस्थेत माझी नोकरी संपली, निरोपाला एक घड्याळ मिळालं आणि माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसली.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला ते पुस्तक मिळालं. वायरमनचं काम शिकणाऱ्या मुलांसाठी होतं. पहिल्या पानावर कुण्या मुलानं विमान काढलं होतं आणि 'इस्त्री' या धड्यातल्या बाईला मिशा. मी ते स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडलं आणि पहिल्याच पानावर अडले. करंट म्हणजे पाण्यासारखा वाहतो, असं लिहिलं होतं. बरं. दाब म्हणजे टाकीची उंची. बरं. मग पुढच्या धड्यात म्हणे, वाट पूर्ण झाली नाही तर करंट वाहतच नाही. आता पाणी तर तसं करत नाही. नळी कापली तर पाणी सांडतं, ते काही परतीची वाट आहे का म्हणून चौकशी करत नाही. या एका वाक्यापाशी मी किती सकाळी बसले! चहा गार व्हायचा. आपण मूर्ख आहोत असं वाटायचं, मग वाटायचं की लिहिणाराच मूर्ख आहे, मग पुन्हा आपण. विचारायचं कुणाला? हे असते तर "तुला काय करायचंय" म्हणाले असते, पण निदान कुणाला तरी विचारून झालं असतं. उत्तर न मिळणं वेगळं आणि प्रश्न तोंडातच राहणं वेगळं. एका सकाळी अंघोळीचं पाणी काढताना मला ते एकदम कळलं. करंट म्हणजे सांडणारं पाणी नव्हेच, ती सायकलची साखळी आहे. एक कडी तुटली की अख्खी थांबते. मी ओल्या हातांनी बाहेर आले, कुणाला तरी सांगायचंच म्हणून. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या.

गणितं मात्र मला आवडायला लागली. तीन रोध एकापुढे एक, तीन रोध शेजारी शेजारी. शेजारी शेजारी ठेवले की एकूण अडथळा कमी होतो, हे वाचून मी थक्क झाले. माझा आजवरचा अनुभव उलटा होता. उत्तरं पुस्तकाच्या शेवटी असत. माझं उत्तर जुळलं की मी त्या पानावर हळूच टिचकी मारायची. मुलगा शाळेत असताना त्याची गणितं जुळली की त्याच्या डोक्यावर मारायची तशी.

मीटर विकत घ्यायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "नातवाच्या प्रोजेक्टला का मावशी?"

"हो," मी म्हटलं.

"मग डिजिटल न्या. काट्याचा आता कोण घेतंय? मुलं हसतील त्याला."

"त्याला काटाच आवडतो."

"जुन्या वळणाचा दिसतोय नातू!"

"फार," मी म्हटलं. "आजीवर गेलाय."

मला नातू नाही. पिशवीत मीटर घेऊन मी इतक्या सावकाश घरी आले की जणू आत काचेची बरणी आहे. एक लाल वायर, एक काळी, दोन्हींना टोकदार काड्या. वायरमनच्या टेस्टरला एकच टोक होतं, याला दोन. दोन्ही काड्या जिथे टेकवाल त्यांतला फरक हा काटा सांगणार. मी दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठले. लाल काडी स्वयंपाकघरातल्या नळाला टेकवली. काळी कुठे टेकवावी? शेजारी दुसरा नळ होता, पिण्याच्या पाण्याचा. त्याला टेकवली.

काटा हलला नाही.

मग फ्रिजच्या दांडीला काळी टेकवून पाहिली. बाथरूमच्या नळाला पाहिली. काटा आपल्या शून्यावर डोळे मिटून पडलेला. मी मीटर खाली ठेवला आणि नळाला बोट लावलं. मनगटापर्यंत सरसरत गेलं. म्हणजे हातच. यंत्राचं आणि माझं भांडण, आणि यंत्राला खोटं बोलायचं काही कारण नाही. मी पुस्तक मिटून कपाटात टाकलं. सुटकेस काढली. मागच्या खोलीत काय काय मावेल याचा विचार करत बसले, तर बराच वेळ मला एकही वस्तू आठवेना जी तिथे लागेल. मुलाचा फोन आला तेव्हा म्हटलं, बरोबर होतं रे तुझं. "काय बरोबर होतं?" तो म्हणाला. तो विसरलाही होता.

सुटकेसमध्ये घालायला आमचा एक फोटो भिंतीवरून काढला. ऑफिसच्या सहलीचा, आम्ही दोघं डोंगरावर. त्या दिवशी आम्ही वर चढत होतो तेव्हा मला सारखं वाटत होतं की आपण कुठे फारसे चढलोच नाही, कारण हे शेजारीच होते, नेहमीइतकेच उंच, त्यांचा खांदा माझ्या कानाशी. वर जाऊन खाली बघितलं आणि मी खालीच बसले. खालचं तळं बशीएवढं. फोटो हातात धरून मी उभी राहिले. शेजारच्याकडे बघून उंची कळत नाही. दोघं सारखेच वर चढलेले असले तर फरक शून्य. जमिनीकडे बघावं लागतं. दोन नळ, फ्रिज, बाथरूम, सगळे अर्थिंगच्या, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या, एकाच हिरव्या तारेनं एकमेकांना बांधलेले. चढले असतील तर सगळे एकदम चढले असतील. मी लाल काडीही त्यांनाच लावली आणि काळीही त्यांनाच. आमचा संसारही मी तसाच मोजत आले होते, यांना धरून. चांगलं चाललंय का? यांच्याकडे बघायचं, हे नेहमीसारखे असले की चांगलं. हे गेले आणि एकदम खालचं तळं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जमिनीवर ओलं फडकं पसरलं, त्यावर स्टीलची ताटली पालथी घातली, पायांत रबरी चपला घातल्या, काळी काडी ताटलीला आणि लाल नळाला. काटा उठला. दचकून उठल्यासारखा नाही. बसलेल्या माणसानं गुडघ्यावर हात ठेवून उठावं तसा, आणि अर्ध्या वाटेवर जाऊन उभा राहिला. मी रडले की काय आठवत नाही. बहुतेक नाही. माझ्या तोंडून "आलास?" असं मात्र निघालं.

पुढचं सगळं साखळीच्या कड्यांसारखं होतं, पण एकेक कडी शोधायला आठवडा आठवडा लागला. झटका सकाळीच का? सकाळी काय चालू असतं? गिझर. गिझर बंद केला की काटा झोपतो, चालू केला की उठतो. गिझर आत कुठेतरी थोडासा गळत होता. फ्यूज उडावा इतका नाही, माझा हात हलावा इतका. पण गळला तरी करंट हिरव्या तारेनं जमिनीत जायला हवा, पुस्तकात तसंच लिहिलं होतं. मी भिंतीकडेनं हिरव्या तारेच्या मागे मागे गेले. यांनी ती बाथरूमच्या कोपऱ्यात पाण्याच्या लोखंडी पाइपला नीट पट्टी आवळून बांधली होती. त्या काळी तसंच करत. पाइप जमिनीत जातो, करंटही जाईल. मग मी तिथल्या खिडकीतून हात बाहेर काढून आमटीच्या डावानं पाइप वाजवत खाली खाली आले. ठण, ठण, ठण, आणि मग थप्प. रंग तोच राखाडी, पण खालचा तुकडा प्लास्टिकचा. यांच्या मागून पाण्याला गंज यायला लागला तेव्हा मुलानं प्लंबर लावून तेवढा बदलून घेतला होता. पाणी तेव्हापासून स्वच्छ येत होतं. घराचा जमिनीशी संबंध मात्र तुटला होता, आणि तो तुटल्याचं फक्त माझ्या अनवाणी पायांना कळत होतं.

शेवटी एका रविवारी मुलगा न्यायला आला तेव्हा मी गिझर मुद्दाम चालू ठेवला होता. हे लपवून काय उपयोग? माझ्या मनात होतं की लागू दे एकदा. डॉक्टर, टाचणी, मऊ आवाज, सगळ्याचा एका सरसरीत निकाल लागला असता. त्यानं बूट काढले, पाय धुतले, "कशी आहेस" विचारत ओल्या पायांनीच स्वयंपाकघरात आला आणि पाणी प्यायला ग्लास घेऊन नळाकडे गेला. मी दारात होते. गिझरचं बटण माझ्या खांद्याशी. त्याच्या मानेवर, केसांच्या खाली, प्रवासाची धूळ होती. मी बटण बंद केलं.

त्यानं नळ सोडला. ग्लास भरला. मग त्याला आठवलं असावं. नळ मुठीत धरून माझ्याकडे बघून हसला. "हे बघ आई. आहे काही?"

"नाही. मी बंद केलं म्हणून."

"काय बंद केलंस?"

"चपला घाल, आणि इकडे ये."

त्याला वाटलं असणार, गाडी आता पुरती रुळावरून उतरली. पण तो आला. मी फडकं ओलं केलं, ताटली ठेवली, काड्या टेकवल्या. "हे कुठून आणलंस?" त्यानं विचारलं. "दुकानातून," मी म्हटलं, "आता बटण तू दाब." त्यानं दाबलं. काटा उठला. त्यानं बंद केलं. काटा बसला. मग त्यानं न सांगता पुन्हा दाबलं, पुन्हा बंद केलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू असा झाला की मला त्याच्याकडे बघवेना. मी त्याला गिझर सांगितला, तार सांगितली, खिडकीतून पाइप वाजवून दाखवला.

"म्हणजे मी तो बदलला म्हणून..."

"तू गंजलेला पाइप बदललास. तुला कसं कळणार? मलाही आत्ता कळलं."

तो खुर्चीवर बसला. पाणी प्यायला. मग उठून म्हणाला, "मग तर तू इथे एक दिवसही राहायचं नाहीस. एवढं धोक्याचं घर! चल, बॅग कुठे आहे?"

इतके दिवस मी समजत होते की नळ खोटा ठरला की मी जिंकले. हात खोटा तर मागची खोली, आणि नळ खोटा तरी मागची खोलीच. हे माझ्या कुठल्याच गणितात आलं नव्हतं.

"उद्या वायरमन येतोय," मी म्हटलं. "गिझर काढायचा, आणि हिरवी तार थेट खाली जमिनीत न्यायची. काय करायचं ते मी त्याला सांगणार आहे."

"तू सांगणार?"

"मग कोण? टेस्टर?"

तो हसला नाही. "आणि परत काही झालं तर? एकटी असताना?"

"आणि तुझ्या घरी रे? तिथे भिंतीत तारा नाहीत? तिथे हिरवी तार कुठे जाते, कधी बघितलंस?"

तो टेबलावरच्या मीटरच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"ती म्हणत असते," तो सावकाश म्हणाला. ती म्हणजे त्याची बायको. "कपडे धुवायच्या मशीनला हात लावला की झिणझिणतं म्हणून."

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने."

"मग तू काय म्हणालास तिला?"

त्यानं मीटर बाजूला सरकवला. सांगायची गरज नव्हती. मला तो आवाज पाठ होता, किती मऊ असेल तेसुद्धा.

"फोन लाव तिला," मी म्हटलं.

"आत्ता? संध्याकाळी घरी गेलो की मी..."

"आत्ता."

सून आणि मी फोनवर फार बोलत नाही. तब्येत कशी, जेवलात का, इकडे ऊन फार आहे. तिनं घाबरतच उचलला, आई बऱ्या आहेत ना म्हणून. मुलानं फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"मी बरी आहे गं," मी म्हटलं. "मला एक सांग. मशीनला हात लावतेस तेव्हा पायांत काय असतं तुझ्या?"

पलीकडे दार लोटल्यासारखं वाजलं, आणि ती अगदी हळू बोलायला लागली. "काही नसतं आई. अनवाणीच असते. फरशी ओली असते तिथली."

"आणि कुठपर्यंत जातं?"

"मनगटापर्यंत," ती म्हणाली. "अगदी मनगटापर्यंतच. मला वाटायला लागलं होतं, माझंच काहीतरी..."

"तुझं काही नाही. आधी कोरड्या हातानं मशीनचं बटण बंद कर, पिन काढ आणि ये. मग सांग मला, पहिल्यापासून."

मी फोन कानाशी धरून थांबले. तिची पावलं गेली, परत आली, आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.